उष्ण-दमट बागेतील फर : मोमी वृक्षाची ओळख

फर वृक्ष म्हटले की हिमाच्छादित शिखरे आणि नाताळनिमित्त सजविलेले झाड डोळ्यांसमोर उभे राहते. मराठी घरांना मात्र या वृक्षाचा परिचय निराळ्या वाटेने झाला आहे. खोकल्यावर दिल्या जाणाऱ्या तालीसादी चूर्णातील तालीसपत्र म्हणजे हिमालयीन फरची पाने होत. हिमालयात हे वृक्ष साधारणतः २,००० मीटरहून अधिक उंचीवर वाढतात. असा थंडीचा सोबती उष्ण व दमट उन्हाळ्याच्या प्रदेशात जगू शकेल काय? अमेरिकेच्या आग्नेय भागातील बागप्रेमींसमोर हाच प्रश्न होता. त्याचे समाधानकारक उत्तर जपानच्या 'मोमी' या फर वृक्षाने दिले.

घाव मुळांवर

उष्ण प्रदेशात फर उन्हाने करपतो, असा सर्वसाधारण समज आहे. तो अंशतः खरा आहे. उष्ण रात्रींमध्ये वृक्षाचे श्वसन वेगाने चालते आणि दिवसा साठविलेले अन्न खर्ची पडते. तथापि, खरा घाव बहुधा मुळांवर बसतो. 'फायटोफ्थोरा' हा बुरशीसदृश सूक्ष्मजीव उबदार आणि पाणी साचलेल्या मातीत फोफावतो. त्याचे बीजाणू मातीतील पाण्यातून पोहत कोवळ्या मुळांपर्यंत पोहोचतात व ती कुजवितात. मग ओल्या मातीत उभे असूनही झाडाला पाणी शोषता येत नाही. पाने पिवळी, नंतर तांबूस होतात. झाड तहानलेले आहे असे समजून मालक अधिक पाणी घालतो आणि रोगाला हातभारच लावतो.

मोमीचे मूळ स्थान

मोमी हा जपानच्या होन्शू, शिकोकू व क्यूशू बेटांवरील वृक्ष होय. अन्य अनेक फर उंच पर्वतांवर वाढतात. मोमी मात्र सखल टेकड्यांपासून मध्यम उंचीपर्यंत आढळतो. तेथील उन्हाळा उष्ण आणि पावसाळी असतो. साहजिकच ऊब व ओल यांची सवय त्याला पिढ्यान्‌पिढ्या आहे. नागानो प्रांतातील सुवा येथे दर सहा वर्षांनी होणाऱ्या 'ओन्बाशिरा' उत्सवात मोमीचे १६ प्रचंड खोड डोंगरावरून ओढत आणून देवस्थानाच्या आवारांत स्तंभ म्हणून उभारले जातात. जंगलात हा वृक्ष ४० मीटरपर्यंत उंच होतो. कोवळ्या झाडांच्या सुईसारख्या पानांची टोके दुभंगलेली व टोचणारी असतात.

अमेरिकेतील उत्तर कॅरोलिना राज्याची राजधानी रॅले आणि टोकियो ही शहरे जवळजवळ एकाच अक्षांशावर आहेत, आणि दोन्हीकडील उन्हाळा दमट असतो. त्यामुळे जपानचा हा वृक्ष त्या राज्यात रुजला, यात नवल नाही.

मुळे एकाची, शेंडा दुसऱ्याचा

मोमीचे महत्त्व केवळ शोभेपुरते नाही. उत्तर कॅरोलिनात नाताळच्या झाडांची मोठी शेती होते व तिचा मुख्य आधार फ्रेझर फर आहे. ॲपलेशियन पर्वताच्या उंच माथ्यांवरील हा देखणा वृक्ष मूळकुजीला सहज बळी पडतो. एकदा रोग शिरलेली जमीन त्याच्या लागवडीसाठी जवळपास निकामी ठरते. शेतकऱ्याची अनेक वर्षांची मेहनत वाया जाते. मोमी या रोगाला चांगला प्रतिकार करतो. म्हणून तेथील राज्य विद्यापीठातील संशोधकांनी मोमीच्या खुंटावर फ्रेझरचे कलम बांधण्याचे प्रयोग केले व त्यांचे निष्कर्ष २००२ मध्ये प्रसिद्ध झाले. महाराष्ट्रातील द्राक्ष बागायतदारांना हे तत्त्व परिचित आहे. क्षारयुक्त जमीन व पाण्याची टंचाई यांना तोंड देण्यासाठी ते 'डॉगरिज' खुंटावर द्राक्षाचे कलम करतात.

लागवड करताना

मोमीसाठी किंचित उताराची, पाणी न साचणारी व आम्लधर्मी माती निवडावी. चिकण माती तो इतर फरपेक्षा बरी सोसतो. तरीही अशा ठिकाणी रोप उंचवट्यावर लावणे हिताचे. खड्डा रुंद असावा, खोल नव्हे. मुळांचा वरचा भाग जमिनीच्या पातळीपेक्षा किंचित वर राहावा. पालापाचोळ्याचे आच्छादन घालावे, परंतु ते खोडाला टेकू देऊ नये. पहिली काही वर्षे दुपारच्या उन्हापासून सावली द्यावी. वसंतात नवे कोंब लवकर फुटतात व उशिराच्या हिमतुषाराने करपतात. म्हणून थंड हवा साचणारा खोलगट भाग टाळावा. हा वृक्ष पुढे मोठा विस्तारतो, याचे भान ठेवून घरापासून पुरेसे अंतर सोडावे. कलमी रोप असल्यास जोडाच्या खालून फुटणारे कोंब वेळीच काढावेत.

येथे एक मर्यादा ध्यानात घ्यावयास हवी. मोमी उन्हाळा सोसतो, पण त्याला हिवाळ्याची थंड विश्रांतीही लागते. ती कोकण वा गोव्याच्या किनाऱ्यावर मिळत नाही. तेथे नाताळसाठी अरोकेरिया किंवा सुरूचे झाड सजविले जाते, ते योग्यच होय.

मोमीची वाढ आरंभी इतकी मंद असते की लावणाऱ्याचा धीर सुटावा. परंतु त्या काळात झाड जमिनीखाली आपला पाया भक्कम करीत असते. मुळे स्थिरावली की वाढीला वेग येतो. मुद्दल सुरक्षित असेल तर व्याजाची वाट पाहण्यात तोटा नसतो, हे बँकेच्या ग्राहकांना वेगळे सांगावयास नको.