जुन्या जेट स्कीची इंधनव्यवस्था: टाकीपासून कार्ब्युरेटरपर्यंत

तळोज्याला समुद्र नाही, मग इथे जेट स्कीवर व्याख्यान कशाला, असं काहींना वाटेल. पण नागाव, काशीद, मुरुडच्या किनाऱ्यावर दिवाळी ते मे चालणारी ही यंत्रं पावसाळ्यात बंद पडून असतात. त्यांची दुरुस्ती करणारे हात आपल्याकडे आहेत. 'जेट स्की' हे खरं तर कावासाकीचं नाव. आपण सगळ्यांनाच तेच म्हणतो. आज बोलू १९९० च्या दशकातल्या टू-स्ट्रोक, कार्ब्युरेटरवाल्या मशीनबद्दल. वापरलेली म्हणून स्वस्तात मिळतात ती बहुधा हीच.

आधी रोग समजून घेऊ. मशीन सुरू होतं, रेस दिली की गुदमरतं. मेकॅनिक स्क्रू फिरवून कसंबसं चालतं करतो. इथेच घात होतो. पेट्रोल कमी आणि हवा जास्त झाली की पिस्टन तापतो, फुगतो आणि सिलिंडरला धरतो. रस्त्यावर इंजिन सीझ झालं तर गाडी ढकलता येते. ओहोटीच्या वेळी, मागे पर्यटक बसलेला असताना काय ढकलणार?

पेट्रोल अडतं कुठे? पहिलं कारण शिळं पेट्रोल. ते उडून जातं आणि मागे चिकट वार्निश राहतं. दुसरं कारण इथेनॉल. पंपावरच्या पेट्रोलमध्ये आता २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. या जुन्या मशीनच्या पुस्तिकांत साधारण १० टक्क्यांची मर्यादा दिलेली असते. इथेनॉल हवेतलं पाणी ओढून घेतं. कोकणातली पावसाळी हवा तर विचारूच नका! पाणी प्रमाणाबाहेर गेलं की इथेनॉल आणि पाण्याचा थर वेगळा होऊन टाकीच्या तळाशी बसतो, आणि पेट्रोल ओढणारी नळीही तळाशीच असते. तिसरं कारण पाइप. त्या काळच्या अनेक सी-डूमध्ये राखाडी पाइप होते. ते आतून विरघळतात आणि हिरवट चिकटा कार्ब्युरेटरमधल्या बारीक जाळीवर जमतो. पाइप तेच ठेवून नुसता कार्ब्युरेटर धुतला, तर काही दिवसांनी पुन्हा तोच खेळ.

म्हणून काम टाकीपासून सुरू करायचं. मशीन उघड्यावर घ्या, सीट काढा, बॅटरीची निगेटिव्ह वायर सोडा. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, ती हलच्या तळात साचून राहते. एक ठिणगी पुरते. प्रत्येक पाइपला चिठ्ठी लावा, मोबाइलवर फोटो काढा. टाकी पूर्ण रिकामी करा. सगळे पाइप इंधनासाठीचेच नवे घाला, पाणी वेगळं करणारा फिल्टर बदला. ऑन-ऑफ-रिझर्व्हचा कॉक उघडून साफ करा. टाकीत हवा येण्याची वाट मोकळी आहे का, तेही बघा. ती बंद असेल तर थोडं चालून मशीन पुन्हा बंद पडतं.

आता कार्ब्युरेटर. बाइकच्या कार्ब्युरेटरमध्ये फ्लोट असतो. इथे नसतो, कारण मशीन उलटतं. त्याऐवजी रबरी डायफ्रॅम आणि नीडल व्हॉल्व्ह काम करतात. पंपही डायफ्रॅमचाच. क्रँककेसमधला दाब एका बारीक नळीतून येतो आणि त्यावर तो धडधडतो. ती नळी चिरली तर पंप मेला. क्लीनर मारण्याआधी रबरी भाग काढून ठेवा. जेटमध्ये तार घालू नका, भोक मोठं होतं. कॉम्प्रेसरची हवा मारा. जाळी साफ करा, डायफ्रॅम, नीडल आणि गॅस्केट नवे बसवा. मग हातपंप आणि गेज लावून नीडल किती दाबाला उघडते ते पाहा. आकडा मॉडेलप्रमाणे बदलतो, तो पुस्तिकेतलाच घ्या. जुळ्या कार्ब्युरेटरच्या दोन्ही नीडल सारख्याच उघडायला हव्यात.

ऑइल इंजेक्शनची नळी सोडली असेल तर तिच्यातली हवा काढा. खात्रीसाठी पहिल्या टाकीत लिटरमागे २० मिली टू-स्ट्रोक तेल मिसळा. जमिनीवर चालवून बघताना इंजिन आधी सुरू, मग पाणी. थांबवताना पाणी आधी बंद, मग इंजिन. क्रम उलटला तर पाणी सिलिंडरात शिरू शकतं.

आता काढलेलं पेट्रोल. ते गटारात ओतलं की जातं कुठे? कासाडीत, आणि पुढे खाडीत. २०१७ मध्ये तळोज्याचे निळे कुत्रे देशभर बातमीत आले, ते आपण विसरलेलो नाही. ज्या खाडीवर आपल्याच कोळी-आगरी बांधवांची जाळी आहेत, तिच्यात ही भर घालायची नाही. पेट्रोल बंद कॅनमध्ये ठेवा आणि घातक कचरा घेणाऱ्या केंद्राकडेच जाऊ द्या. असं केंद्र तळोज्यातच आहे.

(श्रोत्यांतून प्रश्न: पावसाळ्याआधी टाकी भरून ठेवावी की रिकामी?)

चांगला प्रश्न. पूर्वी सांगायचे, भरून ठेवा म्हणजे गंज धरत नाही. पण या मशीनची टाकी प्लॅस्टिकची, तिला गंज कुठला? इथेनॉलवालं पेट्रोल तीन-चार महिने ठेवू नका. टाकी आणि कार्ब्युरेटर दोन्ही रिकामे करा. मे महिन्यात यावर एक दुपार घालवलीत, तर दिवाळीला मशीन उघडायची वेळ सहसा येणार नाही.