कुत्र्याचे वागणे अचानक बदलले तर

राहुरी परिसरात वस्तीवस्तीवर राखणीसाठी कुत्रा पाळलेला असतो. त्याचा स्वभाव घरच्यांनाच ठाऊक असल्याने त्यात पडलेला फरकही त्यांनीच प्रथम ओळखला पाहिजे.

पिसाळलेला कुत्रा चवताळून अंगावर येतो, असा सर्वसाधारण समज आहे. परंतु रेबीजचे दुसरे रूप मुके असते. कुत्रा अंधाऱ्या कोपऱ्यात बसून राहतो, आवाज बदलतो, खालचा जबडा लोंबतो, लाळ गळते. घशात हाड अडकले असावे असे समजून माणूस त्याच्या तोंडात हात घालतो. धोका नेमका येथेच आहे, कारण रोगाचे विषाणू लाळेत असतात.

प्रत्येक बदल रेबीजचाच असतो असे नाही. पण तो निवाडा पशुवैद्यकांवर सोपवावा. तोवर मुलांना दूर ठेवावे.

कुत्रा चावल्यास किंवा लाळ जखमेला लागल्यास जखम साबण व वाहत्या पाण्याने 15 मिनिटे धुवावी. हळद, चुना, तिखट लावू नये. त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात लस सुरू करून सर्व मात्रा पूर्ण कराव्यात. लुई पाश्चर यांनी 1885 साली एका मुलाला लस टोचून हा मार्ग खुला केला. लक्षणे दिसू लागल्यावर मात्र हा रोग बहुधा प्राणच घेतो. कुत्र्यालाही पशुवैद्यकांच्या सल्ल्याने नियमित लस टोचून घ्यावी.