घे गं बाई, तुझंच आहे ते!

६ जुलै १९९१. शनिवार. डोंबिवलीतल्या आमच्या दोन खोल्यांत सगळे दूरदर्शनसमोर बसले होते. बाहेर पाऊस, आत कांदाभज्यांचा वास आणि पडद्यावर विम्बल्डनची महिलांची फायनल. आमच्या घरात टेनिस कळणारं माणूस एकच, ते म्हणजे आमचे हे. बाकी आम्ही सगळ्या चेहरे बघून बाजू घेणाऱ्या. सासूबाईंनी पहिल्या पाच मिनिटांतच निकाल लावून टाकला, ‘‘ती गोरी नको. ही काळ्या केसांची आपल्यातली वाटते. केस बघ कसे दाट आहेत!’’

गोरी म्हणजे स्टेफी ग्राफ आणि काळ्या केसांची म्हणजे गॅब्रिएला सबाटिनी. सबाटिनी अर्जेंटिनाची, ब्युनोस आयर्सची. घराणं मूळचं इटलीकडचं, पण सासूबाईंच्या लेखी ती थेट साताऱ्याकडची होती.

पहिला सेट स्टेफीने घेतला ६-४, दुसरा सबाटिनीने ६-३. तिसऱ्यात मात्र आमच्या घरातला श्वास अडकला. ५-४ अशी आघाडी आणि सर्व्हिस सबाटिनीची. एवढा एक गेम घेतला की विम्बल्डन तिचं. तो गेला. मग ६-५, पुन्हा तिचीच सर्व्हिस. विजय दोन पॉइंटवर आला आणि तोही गेम गेला. सासूबाई चष्मा पुसत अक्षरशः ओरडल्या, ‘‘अगं घे गं बाई, तुझंच आहे ते!’’

तिने घेतलं नाही. स्टेफी ८-६ ने जिंकली. गॅस बंद करायचं राहिलं म्हणून मी स्वयंपाकघरात पळाले. तळणीतला शेवटचा घाणा काळा ठिक्कर पडला होता.

त्यानंतर बऱ्याच वर्षांनी मला सबाटिनीबद्दल एक गोष्ट वाचायला मिळाली. तेव्हापासून ही मुलगी माझ्या डोक्यातून जात नाही, म्हणून आज तिच्यावर लिहायला बसले आहे. खेळ सोडल्यावर कधीतरी एका मुलाखतीत तिने सांगितलं होतं, की लहानपणी ती अनेकदा सेमीफायनलमध्ये मुद्दाम हरत असे. का? तर स्पर्धा जिंकली की बक्षीस घेताना माइकसमोर बोलावं लागेल, या भीतीने. चेंडू मारायची भीती नव्हती, समोरच्या मुलीची नव्हती. चार वाक्यं बोलायची होती.

(विम्बल्डनची ती फायनल तिने मुद्दाम सोडली, असं मला म्हणायचं नाही हं. तिथे ती जीव तोडून खेळली, हे आम्ही डोळ्यांनी पाहिलं आहे. हे लहानपणाबद्दलचं.)

तिचा जन्म १६ मे १९७० चा. वडील ओस्वाल्दो, आई बिअॅट्रिझ, एक मोठा भाऊ. सहाव्या वर्षी हातात रॅकेट आली. अर्जेंटिनात तेव्हा गिलेर्मो व्हिलास नावाच्या खेळाडूने टेनिसचं वेड लावलं होतं. १९७७ साली त्याने फ्रेंच आणि अमेरिकन, दोन्ही ओपन स्पर्धा जिंकल्या, त्या वर्षी ही सात वर्षांची होती. फुटबॉलच्या त्या देशात घराघरांतली मुलं रॅकेट मागायला लागली, त्यांतलीच ही एक. पण मुलांसाठी व्हिलास तरी होता. मुलींनी बघावं असं ग्रँड स्लॅम एकेरी जिंकलेलं त्यांच्या देशातलं बाईमाणूस एकही नव्हतं.

१९८३ साली, तेराव्या वर्षी, तिने मायामीची ऑरेंज बाउल ही नावाजलेली ज्युनियर स्पर्धा जिंकली. पुढच्या वर्षी फ्रेंच ओपनचं मुलींचं विजेतेपद मिळवलं आणि ती ज्युनियर मुलींत जगात पहिली आली. पॅट्रिसिओ आपेय या चिलीच्या प्रशिक्षकाबरोबर ती फ्लोरिडात राहून सराव करायला लागली. शाळा मागे पडली. आपल्याकडे तेराव्या वर्षी मुलगी एकटी क्लासला गेली तरी खिडकीत उभं राहून वाट बघणाऱ्या आपण! ही तर दुसऱ्या देशात, परक्या भाषेत. आधीच अबोल, त्यात इंग्रजी बोलायचं.

१९८५ मध्ये पंधराव्या वर्षी तिने फ्रेंच ओपनची सेमीफायनल गाठली. इतक्या लहान वयात तिथे तोपर्यंत कुणीच पोचलं नव्हतं. ख्रिस एव्हर्टने तिला हरवलं, पण तिचा एका हाताचा तो उंच फिरकीचा बॅकहँड सगळ्यांच्या लक्षात राहिला. आणि दिसणंही. हे दिसणं पुढे तिच्या मानगुटीवरच बसलं. वर्तमानपत्रांत तिच्या खेळाइतकंच, कधी त्याहून जास्त, तिच्या सौंदर्यावर लिहून यायचं. १९८९ मध्ये तिच्या नावाचा पर्फ्युमही बाजारात आला. मितभाषी मुलीचं मौनसुद्धा लोकांना ‘गूढ सौंदर्य’ वाटायला लागतं. ती आतून घाबरलेली असेल, हे कुणाच्या ध्यानीमनी येत नाही.

मला ते कळतं. का ते सांगते.

त्या विम्बल्डननंतरच्या वर्षी मी बँकेत क्लार्क होते आणि ऑफिसरच्या परीक्षेला बसले होते. लेखी परीक्षा चांगल्या मार्कांनी पास झाले. मुलाखत राहिली होती. मुलाखत म्हणजे पाच साहेबांसमोर बोलायचं आणि ऑफिसर झालं की दर महिन्याला मीटिंगमध्ये उभं राहून आकडे सांगायचे. आठ दिवस झोप नव्हती. मुलाखतीच्या सकाळी मी ताप आल्याचं कळवलं आणि गेले नाही.

घरी सांगितलं, की ऑफिसर झाले तर बदली परगावी होईल, मुलं लहान आहेत, नकोच ते. गंमत म्हणजे यावर सगळे खूश! सासूबाईंनी चाळीत सांगितलं, ‘‘आमच्या सूनबाईंनी मुलांसाठी प्रमोशन सोडलं.’’ मी मान खाली घालून ऐकत राहिले. बाईने भीतीपोटी काही सोडलं तर त्याला त्यागाचं नाव देऊन ठेवता येतं, आणि घरचे ते आनंदाने मान्य करतात. माझ्या पुढे असणारी आणखी एक मैत्रीण त्या वर्षी गेली आणि ऑफिसर झाली. तिची बदली झाली कुठे माहीत आहे? ठाण्याला.

असो. सबाटिनीकडे वळते.

मोठ्या स्पर्धांत आता मुद्दाम हरणं शक्यच नव्हतं, पण खरं जिंकणंही जमत नव्हतं. कारण तिच्या आयुष्यात स्टेफी ग्राफ होती. दोघींत वर्षभराचंच अंतर. १९८८ साली स्टेफी अख्ख्या वर्षात फक्त तीन सामने हरली आणि त्यांतले दोन सबाटिनीने जिंकलेले होते. त्याच वर्षी दोघींनी जोडीने विम्बल्डनचं दुहेरीचं विजेतेपद मिळवलं. आणि त्याच वर्षी अमेरिकन ओपनच्या फायनलला त्या समोरासमोर आल्या. स्टेफीने आधीच्या तिन्ही मोठ्या स्पर्धा जिंकलेल्या, चौथी घेतली की वर्षाचं ग्रँड स्लॅम पूर्ण. सबाटिनीने एक सेट घेतला, पण तिसऱ्यात ६-१ अशी उडाली. काही आठवड्यांनी सोल ऑलिम्पिकच्या फायनलला पुन्हा स्टेफी, पुन्हा हार. उद्घाटनाला अर्जेंटिनाचा झेंडा हिच्या हातात होता आणि परत जाताना गळ्यात रौप्यपदक. देशाला त्या ऑलिम्पिकमध्ये मिळालेली पदकं दोनच, एक हिचं आणि दुसरं पुरुषांच्या व्हॉलीबॉल संघाचं कांस्य. तरी जगाने लिहिलं ते ‘हरली’ म्हणूनच.

१९९० च्या मध्यावर तिने ब्राझीलच्या कार्लोस किरमायरला प्रशिक्षक म्हणून घेतलं. शिवाय मन घडवण्यासाठी क्रीडामानसशास्त्रज्ञाची मदत घेतली. त्या काळी आपल्याकडे मानसशास्त्रज्ञाकडे जाणं म्हणजे ‘वेड लागलं की काय’ अशी कुजबुज असायची! खेळातला बदल साधा होता, पण तिच्यासारखीला अवघड. तोवर ती मागे बेसलाइनवर उभी राहून उंच उंच चेंडू परतवत राहायची. तिथे सुरक्षित असतं. चूक होईपर्यंत वाट बघायची, दुसरीच्या चुकीची. किरमायरने तिला पुढे ढकललं. नेटजवळ जा, पॉइंट तूच संपव. नेटजवळ गेलं की लपायला जागा नसते, चेंडू बाजूने गेला तर सगळ्या स्टेडियमला दिसतं की तुमचा अंदाज चुकला.

ती गेली. सप्टेंबर १९९० मध्ये अमेरिकन ओपनच्या सेमीफायनलला मेरी जो फर्नांडिसला तीन सेटमध्ये हरवलं आणि फायनलला समोर स्टेफीच. ६-२, ७-६. दुसऱ्या सेटचा टायब्रेक ७-४. पुन्हापुन्हा नेटकडे धावत जाऊन तिने तो सामना काढला. वय वीस. ग्रँड स्लॅम एकेरी जिंकणारी अर्जेंटिनाची पहिली बाई, आणि आजतागायत एकटीच. बक्षीस घ्यायला गेली तेव्हा समोर माइक होता. या खेपेला पळायला सेमीफायनल उरली नव्हती.

लोक तिच्या नावापुढे हे एकच ग्रँड स्लॅम लिहितात. तिने एकेरीच्या २७ स्पर्धा जिंकल्या, हे फार कुणाला माहीत नसतं. रोमची स्पर्धा चार वेळा. तिथले इटालियन लोक तिला आपलीच लेक समजायचे, सासूबाईंसारखेच. क्रमवारीत ती तिसरीपर्यंत पोचली, पहिली कधीच नाही. तो काळच असा, स्टेफी, सेलेस, मार्टिना. एका पंगतीत तिघीचौघी अन्नपूर्णा असल्या तर कुणाच्या तरी आमटीची तारीफ राहूनच जाते.

मग विम्बल्डनचा तो १९९१ चा शनिवार आला, तो वर सांगितलाच. पण माझ्या मते तिचं मन मोडलं ते दोन वर्षांनी, पॅरिसला. १९९३ च्या फ्रेंच ओपनची क्वार्टर फायनल, समोर तीच मेरी जो फर्नांडिस. सबाटिनी ६-१, ५-१ अशी पुढे. सामना संपल्यातच जमा. तिला पाच मॅच पॉइंट मिळाले. पाच! एकही साधला नाही. दुसरा सेट टायब्रेकमध्ये गेला, तिसरा १०-८. साडेतीन तासांहून जास्त खेळून ती हरली. जिंकायला एक घास उरला की हात थरथरतो, हे ज्यांना कधी झालं नसेल त्यांना हे हास्यास्पद वाटेल. मला त्या सामन्याबद्दल नुसतं वाचतानाही पोटात खड्डा पडला.

१९९२ मध्ये रोमला जिंकल्यावर अडीच वर्षं तिच्या वाट्याला एकही विजेतेपद आलं नाही. या काळात ती घरी बसली असती तर कुणी काही म्हटलं नसतं. पैसा होता, नाव होतं. ती दर आठवड्याला नव्या गावी जाऊन हरत राहिली, आणि हरल्यावर पत्रकारांसमोर बसून त्याबद्दल बोलतही राहिली. जिंकल्यावर बोलायला घाबरणारी ती मुलगी! नोव्हेंबर १९९४ मध्ये न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये वर्षअखेरच्या मानाच्या स्पर्धेत तिने लिंडसे डेव्हनपोर्टला सरळ तीन सेटमध्ये हरवलं, तेव्हा कुठे ती माळ तुटली. जानेवारी १९९५ मध्ये सिडनीला आणखी एक. ते शेवटचं.

ऑक्टोबर १९९६ मध्ये त्याच मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये तिने जाहीर केलं, की आता पुरे. वय सव्वीस. आपल्याकडे ती बातमी आली तेव्हा सासूबाई म्हणाल्या, ‘‘एवढ्यात? सव्वीस म्हणजे काय वय झालं?’’ पण तिने कारण सरळ सांगितलं, पूर्वीची ओढ उरली नाही. आजाराचं निमित्त नाही, घरच्यांचं नाही. पत्रकार भरलेल्या खोलीत, कॅमेऱ्यांसमोर, स्वतःच्या तोंडाने. मला तिच्या सगळ्या सामन्यांपेक्षा हा प्रसंग मोठा वाटतो. टेनिसचे जाणकार हसतील, हसू देत.

नंतर तिने पुन्हा स्पर्धांत उतरायचा हट्ट धरला नाही. सायकल चालवते, लांब लांब जाते. २००६ मध्ये टेनिसच्या हॉल ऑफ फेममध्ये तिचं नाव गेलं. २०२२ मध्ये पॅरिसला माजी खेळाडूंच्या सामन्यांत ती गिसेला डुल्कोबरोबर खेळली, पन्नाशी उलटल्यावर. तिची क्षणचित्रं मी नातवाकडून मोबाइलवर लावून घेतली. केस अजून तसेच दाट आहेत. सासूबाई असायला हव्या होत्या.

नातवाने विचारलं, ‘‘आजी, तू हिला का बघतेस?’’ मी म्हटलं, आम्ही दोघी एकदा एकाच वेळी घाबरलो होतो. त्याला काही कळलं नाही, तो खेळायला गेला.

हे मात्र दारातच उभे होते. त्यांनी काही विचारलं नाही, मीही सांगितलं नाही. त्या सकाळी मला ताप नव्हता, थर्मामीटर मी गरम पाण्यात धरला होता, हे त्यांना इतक्या वर्षांत ठाऊक नाही. आमच्याकडे पुरवणी आधी तेच वाचतात.