कोयत्याबरोबर येणारा संसार

दसरा सरला कीं बीड जिल्ह्यांतून व आसपासच्या कोरडवाहू मुलखांतून लाखों माणसें पश्चिम महाराष्ट्राच्या व कर्नाटकाच्या ऊसपट्ट्यांत उतरतात. नवराबायकोच्या जोडीस ‘एक कोयता’ म्हणण्याची रीत आहे. दोन जीवांस एक हत्यार मोजण्याचा हा हिशेब मुकादमाच्या सोयीचा, बाईच्या नव्हे! उचल आधींच घेतलेली असल्यानें आजारपणाचा दिवसही खाड्यांत जमा होतो.

आमचे पुष्कळ वाचक बागाईतदार असल्यानें ह्या कोप्या त्यांच्याच शेताशेजारीं पडतात. कोपींत वाकून शिरावें लागतें. न्हाणीस आडोसा नसतो, शौचकूप तर नसतोच. पहाटे फडांत गेलेली बाई दिवसभर मोळ्या वाहून परतते, तेव्हां कोठें चूल पेटते. तान्हें मूल पाचटावर निजतें. सन २०१९ मध्यें राज्यशासनानें नेमलेल्या समितीच्या पाहणींत बीड जिल्ह्यांतील ८२,३०९ ऊसतोड स्त्रियांपैकीं १३,८६१ जणींचें गर्भाशय काढलेलें आढळलें. विटाळाच्या दिवसांतही ज्यांना खाडा परवडत नाहीं, त्यांच्या संबंधाचा हा आंकडा आहे.

ऊस लवकर तुटावा म्हणून आपण टोळीस ‘खुशाली’ देतोंच. मग विहिरीवरील मोटारीची एक नळी कोप्यांकडे वळविणें, शोषखड्ड्याचा संडास व आडोशाची न्हाणी करून देणें, एक दिवा लावणें, हें कांहीं जड नाहीं. मात्र हें सर्व टोळी येण्यापूर्वीं करावें. एकदां तोड सुरू झाली म्हणजे कोणासच सवड राहत नाहीं.