आयटी पार्क आधी की माणसं आधी?

जिल्ह्याच्या ठिकाणी आयटी पार्कची मागणी निघाली की चर्चा जागेवर सुरू होते आणि जागेवरच संपते. जमीन एमआयडीसीची की महापालिकेची, एफएसआय किती वाढवून मिळणार, विमानतळ किती लांब. इमारत उभी राहिली की कंपन्या आपोआप येतील, हा सगळ्यांत महागात पडणारा गैरसमज. सॉफ्टवेअर निर्यातीला मदत करणारी एसटीपीआय ही केंद्र सरकारची संस्था 1991 साली सुरू झाली. तिची केंद्रं मुंबई-पुण्याबरोबर नागपूर, नाशिक, छत्रपती संभाजीनगर आणि कोल्हापुरातही आहेत. तरी रविवारी रात्री या शहरांतून पुण्याला निघणाऱ्या गाड्या भरूनच जातात.

शाखा काढण्याआधी कंपनी वेगळाच हिशोब मांडते. पुढच्या वर्षी कामाला लावता येतील अशी पन्नास मुलं इथे मिळतील का? आणि त्यांना हाताखाली घेऊन शिकवतील असे आठ-दहा वर्षं अनुभवाचे चार-पाच जण? नागपुरात मिहानमध्ये टीसीएस, इन्फोसिस, एचसीएल आहेत. पर्सिस्टंटचंही नागपुरात मोठं केंद्र आहे. पण त्या शहरात व्हीएनआयटीसारखी संस्था आणि इतर इंजिनिअरिंग कॉलेजंही होती, आणि पुण्या-बंगळूरहून घरी परतायला तयार असलेली विदर्भातली अनुभवी माणसंही होती. माझ्या मते जमिनीइतकंच वजन या माणसांचं आहे.

‘इंजिनिअरिंग केल्याशिवाय आयटीत दार उघडत नाही.’ हे वाक्य ऐकून किती घरांनी कर्ज काढलं असेल! वस्तुस्थिती अशी की विप्रो बीसीए, बीएस्सी झालेल्यांना घेते आणि नोकरी चालू असतानाच त्यांच्या एमटेकचा खर्च उचलते. एचसीएलची टेकबी ही योजना 2017पासून थेट बारावीनंतरच्या मुलांसाठी आहे. तमिळनाडूत झोहोने तर स्वतःची शाळाच काढली. बारावी किंवा डिप्लोमा झालेली मुलं तिथे फी न भरता शिकतात, वर विद्यावेतन मिळतं, आणि पुढे त्याच कंपनीत कामाला लागतात. या कंपनीचं एक मोठं कार्यालय तेनकासी जिल्ह्यात, खेड्याच्या परिसरात आहे. अर्थात अशा योजनांत बाँड किती वर्षांचा, मधेच सोडलं तर पैसे परत करायचे का, हे सही करण्याआधी वाचायलाच हवं.

प्रमाणपत्राबद्दलही गल्लत होते. एमएस-सीआयटी ही संगणक साक्षरता आहे. सरकारी नोकरीत ती लागते, गावोगावच्या केंद्रांनी लाखो लोकांच्या हाती माऊस दिला, हे काम मोठंच. पण तो प्रोग्रॅमिंगचा अभ्यासक्रम नव्हे. आयटीआयतला एक वर्षाचा ‘कोपा’ ट्रेड त्यापेक्षा पुढचा, पुण्यात 1988 साली सुरू झालेल्या सी-डॅकचा पदव्युत्तर डिप्लोमा आणखी बराच पुढचा. कोणता कागद कोणत्या दारापर्यंत नेतो, हे सांगणारं माणूस तालुक्याच्या कॉलेजात बहुधा नसतं.

इंग्रजीची भीती निम्मी खरी आहे. सी भाषेच्या जुन्या प्रमाणित रूपात राखीव शब्द 32, पायथनमध्ये 35. तेवढं इंग्रजी सगळ्यांना येतं. शिकण्यासाठी आयआयटी मुंबईचे ‘स्पोकन ट्युटोरियल’ मराठीत आहेत, आणि 2021पासून पिंपरी चिंचवड कॉलेज ऑफ इंजिनिअरिंगमध्ये कॉम्प्युटर इंजिनिअरिंग मराठीतून शिकता येतं. मात्र कामावर गेल्यावर ईमेल लिहावा लागतो, कोडमधली चूक नेमक्या शब्दांत सांगावी लागते, दुसऱ्याने लिहिलेली माहिती वाचावी लागते. हे इंग्रजी फाडफाड बोलण्याचं नसून नीट लिहिण्या-वाचण्याचं आहे, आणि सरावाने येतं.

आता मुख्य गोष्ट. ‘मुलं शिकलेली असतात, फक्त संधी नसते’ असं पालक म्हणतात. ‘मुलांना काहीच येत नाही’ असं कंपन्या म्हणतात. दोन्ही अर्धवट. शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट पाहा: ‘हॉस्पिटल मॅनेजमेंट सिस्टिम’ किंवा ‘लायब्ररी मॅनेजमेंट’, अनेकदा दुकानातून तयार घेतलेला. कामावरचा पहिला आठवडा याहून अगदी निराळा असतो. समजा, बिलाच्या प्रणालीत तक्रार आली की एका पैशाचा फरक पडतोय. 1,234.50 रुपयांच्या मालावर 18 टक्के जीएसटी म्हणजे 222.21 रुपये. पण केंद्राचा 9 टक्के आणि राज्याचा 9 टक्के वेगळा काढला तर प्रत्येकी 111.105 येतात, दोन्ही वेगवेगळे पूर्णांकित केले की 111.11 अधिक 111.11, म्हणजे 222.22. दुसऱ्याच्या हजारो ओळींच्या कोडमध्ये ही जागा शोधायची, दुरुस्त करायची, दुसरं काही बिघडलं नाही हे तपासायचं आणि काय केलं ते चार ओळींत लिहायचं. हे वर्गात शिकवून येत नाही. शेजारी बसलेला अनुभवी माणूस ‘इथे बघ’ म्हणतो, तेव्हा येतं.

‘आता एआय कोड लिहितं, नवख्यांची गरज संपली’ हेही कानावर येतं. सुरुवातीची काही कामं नक्कीच बदलतील. पण यंत्राने लिहिलेल्या कोडमधला तो एक पैसा पकडायला वरचंच शिक्षण लागतं, आणि आजचा नवखा घडला नाही तर पाच वर्षांनी अनुभवी माणूस येणार कुठून?

म्हणून आपल्या भागात सगळ्यांत जास्त तुटवडा आहे तो पहिल्या वर्षाच्या पगारी, देखरेखीखालच्या कामाचा. मुलींच्या बाबतीत तर हे फार टोचतं. पुण्यात पीजीचं भाडं भरून बिनपगारी इंटर्नशिप करायला घरचे मुलाला कसंबसं पाठवतात, मुलीला ‘इथलंच काहीतरी बघ’ म्हणतात. आणि इथे काही नसतं.

‘शिकवलं की पोरं पळतात’ ही छोट्या कंपन्यांची तक्रार खोटी नाही. काही जाणारच. पण ज्याला घरापासून अर्ध्या तासावर बरं काम आणि दरवर्षी वाढणारा पगार दिसतो, त्याला पुण्याच्या भाड्याचा हिशोबही कळतो.

आणि सोय अगदीच नाही असं नाही. अप्रेंटिसचा कायदा 1961चा आहे, पण तो फक्त लेथ आणि वेल्डिंगसाठी आहे हा समज चुकीचा. आयटी कंपन्यांनाही तो लागू होतो. तीस किंवा त्याहून जास्त माणसं असलेल्या आस्थापनेला मनुष्यबळाच्या अडीच ते पंधरा टक्के अप्रेंटिस घ्यावेच लागतात. राष्ट्रीय प्रोत्साहन योजनेखाली विद्यावेतनाचा 25 टक्के वाटा, महिन्याला 1,500 रुपयांपर्यंत, केंद्र सरकार उचलतं. राज्याच्या मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेत 2024 साली पदवीधराला महिना 10,000 रुपये ठरले. अप्रेंटिस कायद्यात चार माणसांच्या कंपनीवर सक्ती नाही, पण तिलाही स्वेच्छेने अप्रेंटिस घेता येतो. सांगली, लातूर, जळगाव, अकोल्यात बिलिंगची, शाळांची, साखर कारखान्यांची सॉफ्टवेअर करणाऱ्या अशा छोट्या कंपन्या आहेत. कॉलेजच्या प्लेसमेंट अधिकाऱ्याने पुण्याच्या मोठ्या नावांना पत्रं पाठवण्याआधी या कंपन्यांची यादी करावी, आणि जून उजाडण्याआधी प्रत्येकीला एक मुलगा, एक मुलगी द्यावी.