रंग कमी पडत नाही, वेळ कमी पडतो

केकवर लाल गुलाब काढताना वाटीतलं बटरक्रीम गुलाबीच दिसतं, आणि रंग कमी पडला असं समजून थेंबावर थेंब पडत राहतात. हा समज खोटा आहे. बटरक्रीममध्ये जेल कलर हळूहळू मुरतो. संध्याकाळी गडद गुलाबी वाटलेलं क्रीम झाकून ठेवलं, तर सकाळी ते बरंच लालाकडे झुकलेलं असतं. घाईने ओतलेला रंग मात्र जिभेला कडवट लागतो. शिवाय अन्नसुरक्षेच्या नियमांनुसार केकमध्ये परवानगी असलेला कृत्रिम रंगही किलोमागे 100 मिलिग्रॅमपेक्षा जास्त चालत नाही. मुलं आवडीने आधी फुलंच खातात, म्हणून इथे हात आखडताच हवा.

पांढऱ्या फुलाला रंग लागत नाही, हाही असाच एक समज. जालना जिल्ह्याच्या मोसंबीला भौगोलिक मानांकन आहे, अंबड-घनसावंगीकडच्या बागा बहरात पांढऱ्या फुलांनी भरतात, आणि ते फूल इथल्या केकवर यावं असं मला मनापासून वाटतं. पण लोणी मुळात पिवळसर, त्यामुळे पाकळीही पिवळट दिसते. टूथपिकच्या टोकावर येईल एवढाच जांभळा रंग मिसळला की पिवळेपणा दबतो. लोण्याच्या याच पिवळेपणामुळे गोकर्णाचा निळा हिरवट होतो, तेव्हा निळ्याआधी क्रीम असं पांढरं करून घ्यावं. फुलाशेजारी फळ काढणार असाल तर नारंगी बाटली उघडू नका. मोसंबीची साल हिरवट पिवळी असते; पिवळ्यात हिरव्याचा किंचित अंश पुरतो.

पानांसाठी बाटलीतला हिरवा तसाच वापरला तर पान प्लॅस्टिकचं वाटतं. त्यात चिमूटभर लाल घाला. लालाने हिरवा बिघडेल ही भीती व्यर्थ आहे, उलट त्याचा भडकपणा उतरतो. झेंडूला मात्र एकजीव केशरी नको. पायपिंग बॅगच्या एका बाजूला पिवळं आणि दुसऱ्या बाजूला केशरी क्रीम भरलं की पाकळीला दोन छटा येतात.

पातळ रंग आणि जेल एकच, असं समजून चालू नये. पातळ रंगातल्या पाण्याने क्रीम सैल पडतं आणि पाकळी उभी राहत नाही. व्हिप क्रीममध्ये रंग ते मऊ असतानाच मिसळावा. घट्ट झाल्यावर पुन्हा फेटलं की ते रवाळ होतं.

मे महिन्यात फुलं ओघळली की दोष रंगाला दिला जातो. खरं तर लोणी 32 ते 35 अंशांच्या आसपास वितळतं आणि जालन्यात पारा चाळिशी ओलांडतो. अशा दिवसांत फुलं पहाटे काढावीत आणि मधूनमधून बॅग फ्रिजमध्ये ठेवावी. जांभळी फुलं दुसऱ्या दिवशी निळसर दिसली, तर मिश्रण चुकलं असं लगेच समजू नका. जांभळ्यातला गुलाबी अंश उजेडात आधी फिका पडतो. असा केक काचेच्या कपाटात ठेवू नये, बंद खोक्यात ठेवावा.