४०० डॉलरचं वर्षासन

१८८६ साली अमेरिकेतल्या कनेटिकट राज्याच्या विधिमंडळाने एका वृद्ध शिक्षिकेला वर्षाला ४०० डॉलरचं वर्षासन मंजूर केलं. बाई तेव्हा दूर कॅन्ससमधल्या एल्क फॉल्स गावी राहत होत्या, वय ८२. त्यासाठीच्या अर्जावर कँटरबरी गावातल्या शंभराहून अधिक रहिवाशांच्या सह्या होत्या. मार्क ट्वेन यांनी तर त्यांचं कँटरबरीचं जुनं घर परत घेऊन देण्याची तयारी दाखवली. बाईंनी घर नको म्हटलं, वर्षासन स्वीकारलं. याच राज्याने ५३ वर्षांपूर्वी त्यांना तुरुंगात टाकलं होतं.

त्यांचं नाव प्रुडन्स क्रँडल. जन्म १८०३चा, घराणं क्वेकर पंथाचं. १८३१ साली त्यांनी कँटरबरीत मुलींची निवासी शाळा काढली. गावातल्या प्रतिष्ठितांच्या लेकी तिथे शिकू लागल्या, बाईंचा नावलौकिक झाला. पुढच्याच वर्षी सारा हॅरिस नावाची २० वर्षांची मुलगी दारात आली. एका स्वतंत्र कृष्णवर्णीय शेतकऱ्याची ही मुलगी. आपल्या समाजातल्या मुलांना शिकवता यावं, एवढ्यापुरतं शिक्षण तिला हवं होतं. क्रँडलबाईंनी तिला वर्गात बसवलं आणि गोऱ्या पालकांनी आपल्या मुली काढून घ्यायला सुरुवात केली.

साराला काढून टाकलं असतं तर शाळा वाचली असती. बाईंनी उलट केलं. गुलामगिरीविरोधी ‘लिबरेटर’ पत्राचे संपादक विल्यम लॉइड गॅरिसन यांचा सल्ला घेतला, जुनी शाळा मिटवली आणि १ एप्रिल १८३३ रोजी खास कृष्णवर्णीय मुलींसाठी नवी शाळा उघडली. राहणं, जेवणखाण, धुणं आणि शिकवणी मिळून फी तिमाहीला २५ डॉलर. बॉस्टन, प्रॉव्हिडन्स, न्यूयॉर्क, फिलाडेल्फियाहून मुली आल्या.

मग गावाने आपलं खरं रूप दाखवलं. दुकानदार माल देईनात, डॉक्टर तपासायला येईनात, शाळेच्या विहिरीत शेण टाकलं गेलं. २४ मे १८३३ रोजी विधिमंडळाने कायदाच केला. त्याची भाषा मोठी साळसूद होती. कृष्णवर्णीयांनी शिकू नये, असं त्यात कुठेही म्हटलं नव्हतं. परराज्यातल्या कृष्णवर्णीयांना गावाच्या लेखी परवानगीशिवाय शिकवायचं नाही, एवढंच. ॲन एलायझा हॅमंड या १७ वर्षांच्या विद्यार्थिनीवर तर भटक्यांविरुद्धचा जुना कायदा उगारला गेला: आठवड्याला १ डॉलर ६७ सेंट दंड, नाहीतर दहापर्यंत फटके. प्रत्यक्षात फटके पडले नाहीत. २७ जूनला क्रँडलबाईंना अटक झाली आणि त्यांनी एक रात्र कोठडीत काढली. पहिल्या खटल्यात ज्यूरीचं एकमत झालं नाही. दुसऱ्यात न्यायाधीश डेव्हिड डॅगेट यांनी कृष्णवर्णीय हे नागरिकच नव्हेत असं ज्यूरीला सांगितलं आणि शिक्षा झाली. १८३४च्या जुलैत वरच्या न्यायालयाने तांत्रिक मुद्द्यावर ती रद्द केली. कोर्टात जमलं नाही ते जमावाने केलं. ९ सप्टेंबरच्या रात्री शाळेची तावदानं फोडली गेली. मुलींच्या जिवाला धोका नको म्हणून बाईंनी शाळा बंद केली.

मराठी वाचकाला ही शेणाची गोष्ट फुले दांपत्याच्या मुलींच्या शाळेमुळे ओळखीची वाटेल. पण धागा नुसत्या साम्याचा नाही. कनेटिकट ज्या भागात येतं, त्याच न्यू इंग्लंडमधून आलेल्या सिंथिया फरार अहमदनगरच्या अमेरिकन मिशनच्या मुलींच्या शाळा चालवत होत्या. त्या पाहूनच मुलींच्या शाळेची कल्पना सुचली, असं जोतीराव फुले यांनी सांगून ठेवलं आहे. पुढे १८७३ साली ‘गुलामगिरी’ त्यांनी अर्पण केली ती गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना.

कनेटिकटचा १८३३चा तो काळा कायदा १८३८ साली रद्द झाला. क्रँडलबाई १८९०मध्ये वारल्या. म्हणजे वर्षासन मिळालं जेमतेम चार वर्षं. १९९५ साली कनेटिकटने त्यांना ‘राज्याची वीरांगना’ ठरवलं, शाळेचं आता संग्रहालय झालं आहे.

त्यांचा पहिला सन्मान मात्र सरकारी नव्हता. सारा हॅरिसने लग्नानंतर आपल्या थोरल्या मुलीचं नाव ठेवलं प्रुडन्स क्रँडल. याच शाळेतली ज्युलिया विल्यम्स पुढे न्यू हॅम्पशायरच्या केनन गावच्या शाळेत दाखल झाली. १८३५मध्ये जमावाने ती इमारत बैल जुंपून जागेवरून ओढून नेली. ज्युलिया तरीही शिकली आणि बॉस्टनमध्ये शिक्षिका झाली.

आपल्याकडे दिवंगत मुख्याध्यापकांच्या नावाने शिष्यवृत्त्या ठेवल्या जातात आणि बहुतेकदा त्या पहिल्या आलेल्या मुलाच्या हाती पडतात. त्याच्यासाठी दारं उघडीच असतात. एखाद्या मुख्याध्यापकाने नाकारलेल्यांसाठी दार उघडलं असेल, तर त्याच्या नावाचा पैसा त्या दारापर्यंत पोचूच न शकणाऱ्या मुलीची फी भरण्यात जायला हवा. या दिवाळीत आपल्या जुन्या शाळेला देणगी द्यायचं मनात असेल, तर पावतीवर एवढी एक अट जरूर लिहा.